फायबरच्या आर्मवर सिल्व्हर

आमच्या घरातल्या सगळ्यांना बसल्या जागी खाज सुटायची, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

अण्णांचं फायबरचं काम. अण्णा म्हणजे माझे वडील. काचेचे केसासारखे बारीक तंतू असतात, त्यांची गोधडीसारखी चटई येते, तिला मॅट म्हणतात. ती कात्रीनं कापायची, साच्यात अंथरायची, वरनं ब्रशनं रेझिन, म्हणजे काकवीसारखं चिकट रसायन, थापायचं, परत मॅट, परत रेझिन. वाळलं की झाली वस्तू. ऐकायला सोपं वाटतंय. पण कापताना ते तंतू उडतात आणि कातडीत शिरतात. दिसत नाहीत, निघत नाहीत. मनगटाला, मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला, आणि नेमकं जिथं चारचौघांत खाजवता येत नाही तिथं. त्यात रेझिनचा वास! केसाला वास, वेणीच्या रिबिनीला वास, डब्यातल्या भाकरीला वास.

मी टायपिंगच्या क्लासला जायचे. बोटं फास्ट होती माझी, सर म्हणायचे मशीन मोडशील. पण मी बसले की शेजारची पोरगी खुर्ची सरकवून घ्यायची. एकदा एकीनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय गं, खरूज झालीया काय तुला?"

"फायबर हाय ते," मी म्हटलं.

"फायबर म्हंजे?"

आता काय सांगणार? "प्लॅस्टिकसारखं असतंय."

"म्हंजे तुझं वडील बादल्या करत्यात व्हय!"

सगळा क्लास हसला. मी इतक्या जोरात टाईप करायला लागले की कागद फाटला.

बादल्या नव्हते करत अण्णा. स्कूटरच्या बाजूच्या पेट्या करायचे, कुंड्या करायचे, गणपतीच्या मागची प्रभावळ करायचे. पण खरं सांगायचं तर लोकांच्या लेखी ते बादल्याच करत होते. कारण आमचं गाव लोखंडाचं. उद्यमनगरात जाऊन बघा, दर चार पावलांवर लोखंड ओतायची फौंड्री, नाहीतर लेथ. आणि कोल्हापूरचा माणूस वस्तू घेतो ती आधी हातात तोलून बघून. पितळी तांब्या असू दे, अडकित्ता असू दे, पायातलं चप्पल असू दे. हाताला जड लागलं की खूश. अण्णांची पेटी उचलली की गिऱ्हाईकाचा हात एकदम वर जायचा आणि तो हसायचा. "आतनं पोकळ हाय व्हय हे?" मी तिथं असले तर मान खाली घालायची. अण्णा मात्र दरवेळी नव्यानं समजावून सांगायचे.

वाईट हे की अण्णा मूळचे लोखंडातलेच. माझ्या मामाची फौंड्री आहे, तिथं ते कितीतरी वर्षं वाळूचे साचे करायचे. मामा आईचा थोरला भाऊ. पांढरंशुभ्र कडक इस्त्रीचं शर्ट-धोतर, फौंड्रीत असूनसुद्धा. अण्णांनी तिथलं काम सोडलं तेव्हा मामा रागावला नाही, नुसता हसला. ते हसणं जास्त लागलं आम्हाला. आणि फायबरचं काम रखडायला लागलं तसं तो आमच्या बाहेरच्या सोप्यात बसून म्हणाला, "दाजी, दसऱ्यापतूर बघा तुमचा खेळ. जमला तर जमला. न्हाईतर खंडेनवमीची पूजा आपल्या भट्टीजवळ, तुमच्या हातनं. परत या गप. माणसं इचारत्यात मला, दाजी काय बादल्या करत्यात म्हणून."

अण्णा म्हणाले, "बरं."

म्हणजे दसऱ्यापर्यंत काहीतरी ठोस उभं करायचं, नाहीतर मेव्हण्याच्या फौंड्रीत परत जाऊन त्याच्याच कामगारांसमोर साच्याला बसायचं. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालतं. दळण आणताना, जेवताना, झोपताना, दसरा.

आता ते ठोस म्हणजे काय, ते सांगते.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दूधकट्ट्यावर एक म्हैस मेली. आमच्याकडं गवळी संध्याकाळी म्हशी घेऊनच येतात, कट्ट्यावर उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढतात, पेला पुढं केला की फेसासकट दूध. तर पाऊस पडून गेलता, आणि त्या म्हशीनं लाईटच्या लोखंडी खांबाला अंग घासलं. घासलं आणि पडली. आवाजसुद्धा केला नाही. गवळी तिच्याकडं धावला तर लोकांनी त्याला मागनं मिठी मारून धरला म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी लाईनमन वर चढला आणि खाली येऊन सांगितलं, तारेखालचं चिनी मातीचं इन्सुलेटर तडकलतं. करंट तिथनं लोखंडी आर्ममध्ये उतरला, आर्ममधनं खांबात, खांबातनं म्हशीत.

आर्म म्हणजे खांबाच्या डोक्यावर ते आडवं लोखंड असतं ना, ज्याच्यावर इन्सुलेटर बसवतात आणि तारा ओढतात, ते. खरं नाव क्रॉस आर्म, पण लाईनमन नुसतं आर्म म्हणतात. मी जन्मात कधी त्याच्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. अण्णा मात्र त्या दिवसापासनं रस्त्यानं वर बघतच चालायला लागले. दोनदा सायकलवाल्याला धडकले.

"आर्म फायबरचा असता तर?" भाकरी मोडता मोडता म्हणाले. "इन्सुलेटर फुटू दे की. फायबरमधनं करंट खाली येतच न्हाय. म्हस जगली असती."

"जेवा आधी," आई म्हणाली.

"आणि हलका. लोखंडी आर्म वर न्यायला खाली दोघं दोर वडायला लागत्यात. ह्यो एकटा गडी खांद्यावर टाकून चढंल. गंज न्हाय. गगनबावड्याकडं बघ, पावसानं लोखंडाची चाळण हुत्या. लाकडाचा केला तर कुजतोय, वाळवी लागत्या. ह्याला वाळवी काय खाणार? तिला बी खाज सुटंल!"

आम्ही हसलो. त्या वर्षात ते इतके खूश कधी दिसले नव्हते.

"आणि चोरीला जाणार न्हाय," आई म्हणाली. "भंगारवाला इचारतोय कुत्रं फायबरला!"

अण्णांनी तो मुद्दासुद्धा धरून ठेवला.

मग ते लाईट ऑफिसला जायला लागले. तिथं नवीन साहेब आलते, पुण्याकडचे, तरणे. बाकीच्यांनी अण्णांना बाकावर बसवून ठेवलं, पण या साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कल्पना चुकीची नाही. परदेशात करतात म्हणे असं. तुम्ही एक नमुना बनवून आणा. आपल्या यार्डात वजन लावून बघू, मग हाय व्होल्टेजच्या मशीनवर टाकू. दोन्हीत टिकला तर एखाद्या लाईनवर चढवून बघायला माझी हरकत नाही." गणपती गेल्यावरचा दिवस ठरला. म्हणजे दसऱ्याच्या आत!

मग काय! सागवानी साचा झाला. सबंध पावसाळाभर घरात मॅट कापली, मी आणि आईनं. दमट हवेत रेझिन लवकर वाळत नाही, म्हणून अण्णा साच्याजवळ शेगडी ठेवून बसायचे. पहिला आर्म चिकटच राहिला. दुसरा साच्यातनं काढताना फाटला. तिसरा निघाला आणि अण्णांनी तो दोन विटांवर आडवा ठेवला आणि वर आईला उभी केली. आई जरा जाडच. आर्म वाकला, आई ओरडली, आणि ती उतरल्यावर तो होता तसा सरळ झाला.

"बघ, लवतोय," अण्णा म्हणाले. "जोतिबाच्या डोंगरावरचं वारं आलं तरी लवंल आणि परत उभा."

सगळं खरं होतं. पण आर्म दिसायला वाईट होता हो! काय सांगू. पिवळट हिरवट, मळकट डिंकासारखा, आतले तंतू दिसणारा. जुन्या जखमेवरच्या पट्टीसारखा. गल्लीतली माणसं बघायला यायची आणि एकमेकांकडं बघायची. एक म्हातारे बोटानं वाजवून म्हणाले, "प्लॅस्टिकच की हे." टेस्टच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई त्याच्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"अवो, हे असंच नेणार?"

"मग कसं?"

"पोरगं दाखवायला न्ह्यायचं तर तोंड तरी धुतोय का न्हाय आपण?"

अण्णा उठले आणि माळ्यावरनं डबा काढला. सिल्व्हरचा.

यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. मला नाही, आईला नाही, बघायला आलेल्या कुणालाच नाही. आमच्याकडची रीतच ती. ओतकामात बारीक भोकं राहतात, फोड येतात, ती लांबीनं, म्हणजे पुटीनं, बुजवायची आणि वर सिल्व्हरचा हात मारायचा. माल फौंड्रीच्या दारातनं बाहेर पडायचा तो सिल्व्हर होऊनच. खिडकीची जाळी सिल्व्हर, फाटक सिल्व्हर, लाईटचा खांब सिल्व्हर, स्मशानातल्या शेडचं लोखंडसुद्धा सिल्व्हर. सिल्व्हर म्हणजे माल तयार, माल इज्जतीचा. अण्णांचा हात कितीतरी वर्षं तेच करत आलता. त्यांनी ब्रश धरला आणि असा सफाईनं हात फिरवला, मी बघतच बसले. एक हात, वाळू दिला, वर दुसरा हात. आर्म लखलखायला लागला. अगदी लोखंडाचा दिसायला लागला!

"आता कसं!" आई म्हणाली.

सकाळी तिनं त्याला हळदकुंकू लावलं. अण्णांनी तो खांद्यावर टाकला आणि आम्ही चालत निघालो, कारण हलका आहे हे लोकांना दिसू दे असं त्यांचं म्हणणं. आणि लोक बघत होते हो! टपरीवरचा माणूस ओरडला, "अण्णा, जपून, कंबर मोडंल!" अण्णांनी आर्म एका हातानं डोक्यावर धरून दाखवला. टपरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांच्या बरोबरीनं, मान वर करून, रस्त्याच्या मधनं चालले.

यार्डात ही गर्दी. साहेब, लाईनमन, ऑफिसातले कारकून. मामा आलता, आणि बरोबर फौंड्रीतली चार माणसं घेऊन आलता. का घेऊन आलता ते मला आत्ता कळतं. क्लासमधली ती बादल्यावाली पोरगी, तिचे वडील त्याच ऑफिसात कारकून होते आणि ती त्यांचा डबा घेऊन आलती. ती पण थांबली.

आधी वजनाची टेस्ट. खांबाच्या बुंध्याला आर्म बोल्टनं आवळला आणि टोकाला वजनं टांगायला लागले. आर्म वाकला. अजून एक. अजून वाकला. मामा पुढं सरकला. साहेबांनी सगळी वजनं काढायला सांगितली आणि आर्म टणकन सरळ झाला. लाईनमन लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यातला एक म्हणाला, "साहेब, ह्योच द्या आमास्नी. लोखंडी वर नेऊन खांदं गेलं आमचं."

आता अण्णांना कोण थांबवणार? त्यांनी गंज सांगितला, वाळवी सांगितली, वारा सांगितला, भंगारवाला सांगितला. हात हलवत, थुंकी उडवत, मामाकडं वळून वळून. "आणि मेन गोष्ट," म्हणाले, "करंट! ह्याच्यातनं करंट जातच न्हाय. इन्सुलेटर फुटू दे, खांबाला हात लावून पोरगं उभं राहू दे, कायसुद्धा हुणार न्हाय!"

"चला तर मग, बघू," साहेब म्हणाले.

मशीनची खोली वेगळी होती, मधे जाळी. आम्ही सगळे जाळीच्या अलीकडं. आर्मला दोन्हीकडनं वायरी लावल्या. साहेबांनी चाक फिरवायला सुरुवात केली. मशीन घुं करायला लागलं. काटा थोडासाच हलला असेल नसेल, आणि आर्मवर चर्र झालं. निळ्या ठिणग्या, मुंग्यांची रांग पळावी तशा या टोकाकडनं त्या टोकाकडं पळाल्या. फाट्! मशीन बंद पडलं. जळका वास सुटला.



साहेबांनी परत चाक फिरवलं. परत चर्र. परत फाट्.

"काय अण्णा," फौंड्रीतला एकजण मागनं म्हणाला, "करंट जात न्हाय म्हणे? ह्यो तर पळत गेला!"

आणि हसले सगळे. आधी ती चौघं, मग कारकून, मग मघाशी टाळ्या वाजवलेले लाईनमनसुद्धा. मामा मोठ्यानं हसला नाही. धोतराचा सोगा नीट करत नुसता हसला. मी अण्णांकडं बघितलं. ते आर्मकडं बघत होते, आणि त्यांचा एक हात बोलताना वर केलेला तसाच वर राहिलता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. अजून मला तो हात दिसला की कानाच्या पाळ्या गरम होतात.

साहेबांनी वायरी काढायला लावल्या, आत जाऊन आर्मवर किल्लीनं रेघ ओढली. चंदेरी पापुद्रा निघाला. त्यांनी तो बोटावर घेऊन बघितला.

"हे काय लावलंय?"

"सिल्व्हर," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णा काय सांगणार? बरं दिसावं म्हणून?

"अहो, हा रंग अल्युमिनियमचा असतो. भुकटी असते त्यात, धातूची. करंट न नेणारी वस्तू तुम्ही इतकी मेहनत करून बनवलीत आणि तिला वरनं करंटचा सदरा घातलात." साहेब चेष्टेनं म्हणाले नाहीत हो, खरंच वाईट वाटून म्हणाले. पण परत हसू फुटलं. ती क्लासमधली पोरगी पदराआड हसत होती. मला वाटलं, पळत सुटावं, घरीसुद्धा जाऊ नये, सरळ स्टँडवर जाऊन मिळेल त्या एस्टीत बसावं.

रंग करंट नेतो हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. डब्यावर लिहिलेलंच असतं अल्युमिनियम. पण हातानं सवयीनं केलं, आणि डोकं हाताला विचारायला गेलंच नाही. आम्हा तिघांपैकी कुणाचंच.

"चला दाजी," मामा म्हणाला. खांद्यावर हात ठेवून, प्रेमानंच. "झालं ते झालं. चला."

अण्णा हलले नाहीत. साहेबांना म्हणाले, आणि आवाज असा की मला आधी कळलंच नाही कोण बोलतंय, "खरवडून देतो. आत्ता. परत एकदा लावा."

"मला जेवणानंतर साईटवर जायचंय."

"तोपतूर देतो."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मामाकडं बघितलं, आणि हो म्हणाले.

मग यार्डात, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत अण्णा खाली बसले. लाईनमनकडनं करवतीचं तुटकं पातं मागून घेतलं आणि खरवडायला लागले. आईनं लग्नकार्यात नेसायचं लुगडं नेसलतं, तिनं पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाला बसली. मी पण बसले. ती पोरगी बघत होती, बघू दे. नाही, खोटं कशाला लिहू, बघू दे असं काही वाटलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. मान वर केली नाही मी. सिल्व्हर निघायचा, त्याच्याबरोबर फायबरची भुकटी उडायची, घामाला चिकटायची. आई एका हातानं घासायची आणि एका हातानं मान खाजवायची. लोक थोडा वेळ बघत राहिले, मग एकेक करून चहाला गेले.

मामा गेला नाही. बसलाही नाही. धोतर सांभाळत उभा राहिला. मग एका माणसाला पिटाळून दुकानातनं पॉलिश पेपर मागवला आणि आमच्यात टाकला. "पात्यानं न्हाय निघायचं ते," म्हणाला. आणि थोड्या वेळानं, छत्रीच्या टोकानं दाखवत, "हिकडं राहिलंय. खालच्या अंगाला." चिडून म्हणत होता का मदत म्हणून, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा मशीनवर टाकला तेव्हा जाळीजवळ आम्हीच होतो, मामा आणि दोन लाईनमन. साहेबांनी चाक फिरवलं. घुं. काटा चढत गेला, चढत गेला. आर्म गप. मघाच्या जागेच्या कितीतरी पुढं काटा गेला. आर्म गप. साहेबांनी तो तसाच धरून ठेवला, मग हळूहळू खाली आणला.

"टिकला," म्हणाले. "पण हा मी लाईनवर चढवू शकत नाही. खरवडून तंतू उघडे पडलेत, पावसाचं पाणी आत जाईल. नवीन करून आणा. रंग नको. उन्हासाठी वरनं साध्या रेझिनचा जाड थर द्या. आणला की चढवू."

पास झालो हो आम्ही! पण हसणारे सगळे निघून गेलते. जे बघायचं ते बघून गेलते आणि हे कुणी बघितलंच नाही. घरी जाताना आर्म पोत्यात गुंडाळून नेला, मागच्या गल्लीनं.

मला वाटलं, अण्णा दुसऱ्या दिवशी नवीन करायला घेतील. साचा होता, मॅट होती. अण्णांनी साच्याला हात लावला नाही. दोन दिवस अंथरुणातच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, जुना खाकी शर्ट घातला आणि मामाच्या फौंड्रीत गेले. दसऱ्याला अजून अवकाश होता! मामानं बोलावलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी आले ते वाळूनं काळे होऊन.

"नवीन आर्म?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ त्या हापिसात?" म्हणाले. "सिल्व्हरवालं आलं म्हणतील."

आणि खरंच म्हणत होते. टपरीवाला म्हणत होता, क्लासमध्ये म्हणत होते. "सदरा शिवून मिळंल का करंटचा?" असं आमच्या दारावरनं जाताना पोरं ओरडायची. अण्णा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. कुणीही दारात आलं की म्हणायचे, न्हाईत म्हणून सांग. मी सांगायचे, न्हाईत.

एका संध्याकाळी एक लाईनमन आला. तोच, खांदं गेलं म्हणणारा. सायकल भिंतीला लावून म्हणाला, "अण्णा हाईत का? साहेबांनी धाडलंय. जोतिबाच्या अंगाला नवीन लाईन वडतोय आमी, पुढल्या आठवड्यात. आर्म झाला का इचारलंय."

आतनं अण्णांनी मला हातानं खूण केली. मी तोंड उघडलंच होतं.

आई चुलीजवळनं उठून आली. हात पिठाचे. आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाईत की! आत बसल्यात, त्वांड लपवून! बाईमाणसासारखं न्हवं, बाईमाणूस बरं, मी तरी बाहेर येतो!"

"अगं," आतनं आवाज आला.

"अगं न्हाय आणि फिगं न्हाय! सिल्व्हर लावा म्हणून मी म्हणालो, मी रोज नळाला पाण्याला जातोय. समदी हसत्यात, हसू देत. पाणी आणायचं सोडू का? या बाहेर. पावणं लांबनं आल्यात."

अण्णा बाहेर आले. लाईनमनकडं बघेनात. तो बिचारा अवघडला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आमचं बी साहेब हसलं हुतं की, नंतर. पण इचारत्यात रोज."

"रोज?" अण्णा म्हणाले.

"व्हय की. आज तर मलाच धाडलं."

अण्णा म्हणाले, "सांगा, आणतो म्हणून. बिनरंगाचा." आणि पायात चप्पल घालून मामाकडं गेले. मामाला काय सांगितलं ते माहीत नाही. येऊन एवढंच म्हणाले, "तुझा मामा म्हणला, दसरा म्हंजे दसरा, त्याच्या आदी तुमी कशाला आलता?"

नवीन आर्म झाला. तसाच पिवळट, मळकट, वर जाड थर. आईनं या वेळी त्याच्याकडं बघून नुसतं तोंड वाकडं केलं.

लाईन ओढली त्या दिवशी आम्ही जोतिबाच्या वाटेला गेलो. लोखंडी आर्मच्या रांगेत तो एकटा, दुरनंच ओळखू येत होता. नव्या कापडाला जुनं ठिगळ लावल्यासारखा. लाईनमन त्याला खांद्यावर टाकून एकटाच चढला, कुणाचा दोर नाही काही नाही. डोंगराकडं जाणारी माणसं थांबून बघायची आणि एकमेकांना विचारायची. अण्णा खांबाकडं पाठ करून उभे होते, रस्त्याच्या पलीकडं, गवत बघत.

"वर बघा की अण्णा," मी म्हटलं.

"बघतो."

बघितलं नाही. बोल्ट आवळल्याचा आवाज झाला, तारा चढल्या, लाईनमन खाली उतरला, साहेबांनी जीपमधनं हात केला. लोक पुढं निघून गेले. अण्णांनी मला हळूच विचारलं, "सरळ बसलाय का?"

"व्हय."

"बरं," म्हणाले, आणि खाली मान घालूनच चालायला लागले. पण त्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा त्यांनी आमच्या घरीच केली. कात्री, ब्रश आणि तो सागवानी साचा मांडून.